कॉलेजच्या वादविवाद संघात जायचं असेल तर

निवड चाचणीला येणाऱ्या बहुतेकांना एकच धास्ती असते: मला नीट बोलता येईल ना? चाचणी घेणारे वरच्या वर्गातले विद्यार्थी मात्र दुसरंच काहीतरी पाहत असतात. आधीचा वक्ता काय म्हणाला हे या मुलीच्या कानावर पडलं का, आणि पडलं असेल तर तिने त्याला उत्तर दिलं का? आवाज, उभं राहण्याची ढब, शब्दसंपत्ती हे सगळं सरावाने सहा महिन्यांत बरंच सुधारतं. ऐकून घ्यायची सवय लागली नाही, तर दोन वर्षं संघात काढूनही वक्ता तिथल्या तिथेच राहतो. म्हणून इथली बरीचशी तयारी ऐकण्याची आणि लिहून घेण्याची आहे.

संघ शोधताना

विद्यार्थ्यांनी चालवलेल्या संघाला बहुधा पगारी प्रशिक्षक नसतो. अध्यक्ष, सचिव, खजिनदार, सराव घेणारा, स्पर्धांची नोंदणी पाहणारा, सगळे विद्यार्थीच. ही माणसं दर वर्षी बदलतात, त्यामुळे संपर्काची माहितीही दर वर्षी शिळी होते. गेल्या वर्षीच्या सचिवाला मेसेज टाकून पंधरा दिवस वाट पाहणं आणि ‘संघ बंद पडलेला दिसतोय’ असं ठरवून टाकणं, ही नेहमीची चूक. सत्राच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत विद्यार्थी मंडळांची ओळख करून देणारा कार्यक्रम असेल तर तिथे जा. नसेल तर सरावाची खोली आणि वेळ विचारून थेट सरावालाच जाऊन बसा. बरेच संघ सराव सगळ्यांसाठी खुला ठेवतात आणि निवड फक्त स्पर्धेला पाठवण्यापुरती करतात.

वर्ष अर्धं उलटून गेलं असेल तरी विचारायला जा. परीक्षा झाल्या की गळती होते, शेवटच्या वर्षाची मुलं नोकरीच्या मुलाखतींत गुंततात, आणि नेमकं तेव्हा संघाला माणसांची गरज असते.

पहिल्याच भेटीत काही गोष्टी स्पष्ट विचारून घ्या. वादविवाद कोणत्या पद्धतीने आणि कोणत्या भाषेत चालतो? आठवड्यात सराव किती दिवस? वर्षात साधारण किती स्पर्धा, आणि त्यांतल्या नवख्यांसाठी किती? नोंदणी आणि प्रवासाचा खर्च कोण करतं? स्पर्धेला जाणारे संघ कोण ठरवतं आणि कशावरून? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. ‘चाचणीचे गुण आणि सरावाची हजेरी’ असं काही ठोस उत्तर मिळालं तर निर्धास्त राहा. ‘बघू, ठरवतो आम्ही’ एवढंच कानावर आलं तर संघ वाईटच असेल असं नाही, पण आपलं नाव यादीत येण्यासाठी तुम्हालाच आठवण करत राहावी लागेल हे धरून चाला.

पद्धत ओळखून घ्या

विद्यार्थ्यांच्या वादविवाद मंडळांची परंपरा जुनी आहे. केंब्रिज युनियन १८१५ मधली, ऑक्सफर्ड युनियन १८२३ मधली. आज विद्यापीठांच्या स्पर्धांत सगळ्यात जास्त दिसणारी पद्धत म्हणजे ब्रिटिश पार्लमेंटरी, बोलताना नुसतं ‘बीपी’. विद्यापीठांची जागतिक स्पर्धा १९८१ मध्ये ग्लासगोला सुरू झाली, तीही याच पद्धतीने होते.

बीपीत एका खोलीत चार संघ असतात आणि प्रत्येकात दोन वक्ते. दोन संघ ठरावाच्या बाजूने, दोन विरोधात. ठराव जाहीर झाला की तयारीला १५ मिनिटं, मग प्रत्येकाचं ७ मिनिटांचं भाषण. बाजू कोणती घ्यायची हे तुमच्या हातात नसतं. निकाल चारही संघांचा क्रम लावून देतात: पहिल्याला ३ गुण, मग २, १ आणि शेवटच्याला ०. म्हणजे तुमच्याच बाजूचा दुसरा संघही तुमचा प्रतिस्पर्धी असतो. नवख्यांना हे पचायला वेळ लागतो. तुम्ही दुसऱ्या फळीतला, म्हणजे आपल्या बाजूने नंतर बोलणारा संघ असाल तर पहिल्या फळीने मांडलेलं पुन्हा घोळवून गुण मिळत नाहीत. त्यात नवी भर घालावी लागते, आणि तीही पहिल्या फळीला खोटं न पाडता. प्रत्येक बाजूच्या शेवटच्या वक्त्याला ‘व्हिप’ म्हणतात. त्याने नवा मुद्दा आणायचा नसतो, आतापर्यंतच्या वादाची छाननी करून आपली बाजू का सरस ठरली ते दाखवायचं असतं.

एशियन पार्लमेंटरीत एकास एक असे दोनच संघ, प्रत्येकी तीन वक्ते. भाषणं ७ मिनिटांची, शेवटी दोन्ही बाजूंचं ४ मिनिटांचं समारोपाचं उत्तर, आणि तयारीला साधारण अर्धा तास. नवख्यांना ही पद्धत सोपी जाते, कारण डोक्यात दोनच बाजू ठेवायच्या असतात.

काही संघ वादविवादाबरोबर वक्तृत्वातही उतरतात. अमेरिकेतल्या कॉलेज स्पर्धांत पाठ केलेलं, १० मिनिटांपर्यंतचं भाषण हा एक प्रकार. चालू घडामोडींवरच्या भाषणाला तयारीसाठी ३० मिनिटं आणि बोलायला ७ मिनिटं मिळतात. उत्स्फूर्त प्रकारात तयारी आणि भाषण मिळून ७ मिनिटं असतात आणि ती कशी वाटून घ्यायची ते वक्ता ठरवतो. एकट्याने तयारी करायला आवडत असेल, एकच भाषण वीस वेळा घासूनपुसून लखलखीत करायचा कंटाळा येत नसेल, तर वक्तृत्वाकडे जा. समोरच्याचं ऐकून तिथल्या तिथे उत्तर द्यायची खुमखुमी असेल, तर वादविवाद. ठरत नसेल तर पहिलं सत्र दोन्ही करून पाहा.

इंग्रजीत चालणाऱ्या संघात जायचं आणि इंग्रजी घरची भाषा नाही, म्हणून बरीच मुलं मागे फिरतात. तसं करू नका. उच्चारांच्या ढबीला गुण नसतात आणि परीक्षकांना तशी स्पष्ट सूचना असते. जागतिक स्पर्धेत तर इंग्रजी ही दुसरी किंवा परकी भाषा असलेल्यांसाठी बाद फेरीचे वेगळे गटही आहेत. सोपी, छोटी वाक्यं कामाला येतात. अवघड शब्दांनी उलट परीक्षकाची पेन्सिल थांबते.

पहिल्या दोन सरावांत बोलू नका, वेळ लावा

वही, दोन रंगांची पेनं आणि स्टॉपवॉच घेऊन जा आणि ‘मी वेळ लावू का?’ असं विचारा. कोणीही नाही म्हणणार नाही. बीपीत पहिलं मिनिट संपल्यावर एक टकटक, सहावं संपल्यावर एक, सातवं संपल्यावर दोन. त्यानंतर १५ सेकंदांची सवलत. ७ मिनिटं १५ सेकंदांनंतर जे बोललं जाईल ते परीक्षक लिहीत नाहीत. वेळ लावणाऱ्याला आठही भाषणं लक्ष देऊन ऐकावी लागतात, आणि सात मिनिटं म्हणजे किती हे अंगात मुरतं. नाहीतर पहिल्यांदा उभं राहिल्यावर अडीच मिनिटांत सगळं संपतं आणि वक्ता कागदाकडे बघत बसतो.

वेळ लावत असतानाच टिपण घ्यायला शिका. संघात याला ‘फ्लो’ म्हणतात. ए-फोर कागद आडवा धरा, उभ्या घड्या घालून चार स्तंभ पाडा. आठ वक्त्यांना असे दोन कागद लागतात. ठरावाच्या बाजूचे वक्ते निळ्या पेनाने, विरोधातले लाल पेनाने. प्रत्येक स्तंभाच्या वरच्या भागात त्या वक्त्याने दुसऱ्यांना दिलेली उत्तरं, मग आडवी रेघ, आणि रेघेखाली त्याचे स्वतःचे मुद्दे. एखाद्या मुद्द्याला कोणी उत्तर दिलं की त्या मुद्द्यापासून उत्तरापर्यंत बाण काढा. वाद संपल्यावर कागदाकडे बघा. ज्या मुद्द्यातून एकही बाण निघालेला नाही तो अनुत्तरित राहिला, आणि निकाल बरेचदा अशाच मुद्द्यावर लागतो.

काय लिहायचं यात नवखे हटकून चुकतात. समजा ठराव आहे, ‘कॉलेजातली हजेरीची सक्ती रद्द करावी’. वक्ती म्हणाली, “जी मुलं रात्रपाळी करून शिकतात त्यांना सकाळचा पहिला तास गाठता येत नाही. आज त्यांना पगार किंवा परीक्षेला बसण्याचा हक्क यांतलं एकच निवडता येतं, म्हणून त्यांतली कित्येक शिक्षणच सोडून देतात.” नवख्याच्या कागदावर उमटतं: ‘रात्रपाळी, पहिला तास, शिक्षण सोडणं’. शब्द तिचेच, पण एकाचा दुसऱ्याशी संबंध काय ते गायब. उत्तर द्यायची वेळ आली की या तीन शब्दांवरून काहीच सुचत नाही. कागदावर हवं ते असं: ‘नोकरीवाले → पगार की परीक्षा → गळती’. कारण आणि परिणाम यांमधला बाण लिहिला, तरच तो तोडता येतो. उदाहरणं गाळली तरी चालतील, ‘कारण’ या शब्दानंतरचं वाक्य गाळू नका.

आपल्यापुरत्या खुणा ठरवून टाका. ‘सरकार’साठी नुसता ‘स’, वाढीला वर बाण, घटीला खाली बाण, पटलं नाही तर फुली. दोन-तीन सरावांनंतर हात आपोआप चालायला लागतो.

उत्तर कसं द्यायचं

याच मुद्द्यावर पुढे जाऊ. विरोधातल्या वक्त्याने ‘हे खरं नाही, मुलं आळशी असतात’ असं म्हटलं तर ते उत्तर होत नाही, ती नुसती दुसरी बाजू झाली. मुद्दा मोडायचे ठरलेले रस्ते थोडेच आहेत. तुम्ही सांगता तसं घडतच नाही. घडलं तरी फार थोड्यांच्या बाबतीत घडतं. तो फायदा आमच्या बाजूनेही मिळतो. किंवा परिणाम उलटाच होतो.

इथे तिसरा रस्ता चांगला लागू पडतो: “नोकरी करणाऱ्याला दिलासा द्यायला सक्ती उठवायची गरज नाही. कामाचा पुरावा दाखवला की त्याला हजेरीतून सूट देता येते. सक्ती उठवल्याने मोकळा सुटतो तो ज्याला काहीच अडचण नाही असा मुलगा.” हे उत्तर जोरकस आहे. आता ठरावाच्या बाजूच्या संघाने काय करावं? त्याने या उत्तरालाच हात घालावा: “पुरावा कोणाकडे असतो? घरच्या धंद्यात राबणाऱ्या किंवा रोजंदारीवर जाणाऱ्या मुलाकडे पगाराची पावती नसते. सूट मागायला त्याला ज्या प्राध्यापकांच्या दारात उभं राहावं लागेल, त्यांच्या मर्जीवरच सगळं अवलंबून. ज्याची अडचण सगळ्यात मोठी, त्यालाच सूट मिळणं सगळ्यात अवघड.” एका मुद्द्यावर अशा दोन फेऱ्या झाल्या की परीक्षक मान वर करून बघतो. चाचणीत अशी एक जरी जागा तुम्ही पकडलीत, तर बाकीचं भाषण अडखळत झालं तरी नाव लक्षात राहतं.

आणि हो, समोरच्याचं म्हणणं त्याच्याहूनही चांगल्या शब्दांत आधी सांगा, मग तोडा. कमकुवत करून सांगितलेलं तोडलं तर त्याचे गुण मिळत नाहीत, कारण मूळ मुद्दा परीक्षकाच्या कागदावर जसाच्या तसा उभाच असतो.

आपला मुद्दा

मुद्दा म्हणजे एक ओळ आणि तिच्याखाली चार प्रश्नांची उत्तरं: काय म्हणायचंय, ते खरं का आहे, त्याने कोणाचं किती भलं-बुरं होतं, आणि समोरच्यांच्या मुद्द्यापेक्षा याचं वजन जास्त का. नवखे पहिल्या प्रश्नाला दोन मिनिटं देतात आणि दुसऱ्याला दहा सेकंद. प्रमाण नेमकं उलटं हवं.

‘सक्ती उठली की शिकवण्याचा दर्जा सुधारेल’ ही ओळ घ्या. खरं का? सक्ती असते तेव्हा प्रत्येक वर्ग भरलेलाच दिसतो. तळमळीने शिकवणाऱ्याच्या वर्गात जेवढी मुलं, तेवढीच पिवळी पडलेली टिपणं वाचून दाखवणाऱ्याच्या वर्गात. कोणता तास वाया जातोय हे कॉलेजला कळायला मार्गच राहत नाही. सक्ती उठली की रिकामी बाकं बोलायला लागतात. कोणाचं भलं? पुढच्या प्रत्येक तुकडीचं. वजन जास्त का? हजेरी सक्तीची ठेवून मूल वर्गात बसवता येतं, पण तिथे शिकवलंच जात नसेल तर विरोधकांनी सांगितलेला ‘वर्गात शिकण्याचा फायदा’ मुळात मिळतच नाही. एवढं नीट सांगायला दीड-दोन मिनिटं लागतात. सात मिनिटांच्या भाषणात असे दोन मुद्दे पुरतात. पाच मुद्द्यांची यादी घेऊन आलेला वक्ता पाचही अर्धवट सोडून बसतो.

पंधरा मिनिटांची वाटणी

ठराव कानावर पडला की जोडीदाराशी लगेच बोलायला लागू नका. पहिली तीन मिनिटं दोघांनी गप्प बसून आपापल्या कागदावर लिहायचं. ज्याचा आवाज मोठा त्याचीच कल्पना पुढे रेटली जाते आणि दुसऱ्याची चांगली कल्पना कागदावरच राहते, ते यामुळे टळतं. पुढची दोन मिनिटं ठरावातल्या शब्दांना: ‘रद्द’ म्हणजे काय, कोणासाठी, प्रात्यक्षिकांना पण लागू का. मग पाच मिनिटं मुद्दे निवडणं आणि कोण काय बोलणार ते ठरवणं. तीन मिनिटं समोरच्यांचे दोन सर्वांत दणकट मुद्दे कोणते असतील आणि त्यांना काय उत्तर द्यायचं यासाठी. उरलेली दोन मिनिटं सुरुवातीची दोन वाक्यं पूर्ण लिहून काढायला. पाठ करायची असतील तर ती दोनच.

शब्दांची व्याख्या करताना चलाखी नको. ‘हजेरी म्हणजे फक्त ऑनलाइन तासांची’ अशी सोयीची व्याख्या करून ठराव आकसून टाकला तर परीक्षक ते ओळखतात आणि त्याचा फटका बसतो. रस्त्यावरच्या चार माणसांना ठराव ऐकवला तर जो अर्थ त्यांच्या मनात येईल, तोच घ्या.

निवड चाचणीच्या दिवशी

चाचणीचं रूप संघागणिक बदलतं. बहुधा ठराव देतात, थोडी तयारी आणि तीन ते पाच मिनिटांचं भाषण. काही ठिकाणी आधीच्या उमेदवाराचं खंडन करायला सांगतात. भाषणानंतर कोणी सूचना दिली आणि ‘पुन्हा दोन मिनिटं बोल’ म्हटलं, तर तीच खरी परीक्षा समजा. सूचनेतली एक जरी गोष्ट दुसऱ्या वेळी बदललेली दिसली पाहिजे. पहिल्यांदा चांगलं बोललेला मुलगा दुसऱ्यांदा शब्दशः तेच बोलला, तर संघाला कळून चुकतं की याला शिकवणं अवघड जाणार.

शाळेत वक्तृत्व स्पर्धा गाजवलेल्यांनी इथे थोडं सांभाळावं. लांबलचक अभिवादन, सुरुवातीला सुभाषित, शेवटी कवितेच्या चार ओळी आणि चढता सूर ही तिथली बलस्थानं. इथे तीच मिनिटं मुद्द्यांच्या वाट्याची असतात. सभापतींना एका वाक्यात वंदन करून थेट विषयावर या. पण खोलीच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज आणि न घाबरता नजरेला नजर देणं, ही शिदोरी मात्र जरूर बरोबर आणा.

कागद वाचत बसू नका. पोस्टकार्डाएवढ्या चार चिठ्ठ्या आणि प्रत्येकीवर पाच-सहा शब्द, इतकं बास. पूर्ण वाक्यं लिहिली की डोळे कागदावरून सुटत नाहीत, आणि मधलं एक वाक्य हरवलं की पुढचं सगळं कोसळतं. अडखळलात तर माफी मागू नका. थांबा, कागद बघा, पुढे चला. तीन सेकंदांची शांतता वक्त्याला भयंकर वाटते, ऐकणाऱ्याला ती जाणवतही नाही.

मध्येच प्रश्न: पीओआय

दुसऱ्याचं भाषण चालू असताना विरुद्ध बाजूचा वक्ता उभा राहून प्रश्न विचारू शकतो. याला ‘पॉइंट ऑफ इन्फर्मेशन’, बोलीत ‘पीओआय’ म्हणतात. पहिल्या आणि शेवटच्या मिनिटात तो विचारता येत नाही. बोलणाऱ्याने परवानगी दिली तरच विचारायचा, जास्तीत जास्त १५ सेकंदांत. “रोजंदारीवर काम करणारा मुलगा तुमच्या सवलतीसाठी कोणता कागद दाखवणार?” एवढाच, एका श्वासात, आणि खाली बसा. प्रस्तावना सुरू केलीत की वेळ तिच्यातच संपतो.

स्वतः बोलताना एक किंवा दोन प्रश्न घ्या. एकही घेतला नाही तर घाबरलात असं दिसतं. चार घेतले तर तुमचं भाषण तुमचं राहत नाही. मुद्दा संपवून दुसऱ्याकडे वळतानाची जागा सगळ्यात चांगली. वाक्याच्या मध्ये घेतलेल्या प्रश्नाने स्वतःचाच धागा तुटतो.

निवड झाली नाही तर

परीक्षण शिका. बीपीच्या बऱ्याच स्पर्धांत नियम असतो की जितके संघ पाठवाल त्याहून फार तर एकच परीक्षक कमी चालेल. तीन संघ तर दोन परीक्षक. बोलायला सगळे तयार असतात, परीक्षक म्हणून जायला कोणी पटकन हात वर करत नाही, म्हणून विद्यार्थी संघांना परीक्षकांची कायम चणचण. ‘मला परीक्षक म्हणून न्या’ असं सांगितलंत तर पुढच्याच स्पर्धेला जायची चांगली संधी असते. नवख्या परीक्षकाला अनुभवी मुख्य परीक्षकाच्या हाताखाली बसवतात. एका दिवसात चार-पाच वाद ऐकायचे, प्रत्येकाचा क्रम लावायचा आणि का लावला ते सांगायचं. हे केलेला माणूस पुढच्या चाचणीला उभा राहतो तेव्हा परीक्षकाला काय हवं असतं हे त्याला आतून ठाऊक असतं. आमच्या मते निवड झालेल्यांनीही वर्षातून निदान एक स्पर्धा परीक्षक म्हणून करावीच.

संघात आल्यावर

जोडीदार ठरवताना मैत्री हा एकमेव निकष ठेवू नका. दोघांच्या सरावाच्या वेळा जुळतात का, हे आधी पाहा. एकाला मुद्दे पटापट सुचत असतील आणि दुसऱ्याला ते ओळीने लावता येत असतील, तर जोडी जमते. निदान दोन स्पर्धा एकत्र करा, मग बदलाचं बोला. ते बोलणं तोंडावर आणि वेळेवर व्हावं. यादी लागल्यावर जोडीदाराला कळलं, तर असे ओरखडे वर्षभर राहतात.

होकार दिलेल्या स्पर्धेतून आयत्या वेळी माघार घेऊ नका. नोंदणीचे पैसे संघाने आधीच भरलेले असतात, जोडीदार अडकतो आणि आयोजकांचंही गणित बिघडतं: बीपीत संघांची एकूण संख्या चारने भागली जायलाच हवी, नाहीतर रिकाम्या जागी बदली संघ बसवावा लागतो. खरंच अडचण आली तर जोडीदार आणि नोंदणी पाहणारा, दोघांना लगेच फोन करा. मेसेज टाकून मोकळं होऊ नका.

सराव आठवड्यातून दोन वाद एवढा धरा, आणि त्याला एक गोष्ट जोडा, जी फार थोडे करतात: सूचना मिळाल्यावर तेच भाषण त्याच रात्री पुन्हा देणं. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा आणि आधीच्याशी ताडून पाहा. नवा ठराव घेऊन जुन्या चुका पुन्हा करण्यापेक्षा जुनाच ठराव दुरुस्त करण्याने प्रगती लवकर होते. वाचन करताना बातम्यांची कात्रणं साठवण्यापेक्षा ‘हे का घडलं’ याच्या दोन ओळी वहीत लिहा. बंदी घातलेली वस्तू चोरून का विकली जाते, अनुदान बंद करणं सरकारला का अवघड जातं, असे कार्यकारणाचे धागे दहा वेगवेगळ्या ठरावांत उपयोगी पडतात.

नेमून दिलेली बाजू तुम्हाला पटत नसेल असे प्रसंग येतीलच. तिच्या बाजूने प्रामाणिकपणे युक्तिवाद करणं हा खेळाचा भाग आहे. पण समोरच्याची जात, धर्म, लिंग, बोली यांवर शेरे मारणं हा नाही. बऱ्याच स्पर्धांत अशा तक्रारी ऐकायला वेगळी माणसं नेमलेली असतात. तुम्हाला स्वतःला असं काही सोसावं लागलं तर त्यांच्याकडे जा, गप्प बसू नका.

पहिली स्पर्धा

पहिली फेरी कोणाशीही लागते. त्यानंतर सारखे गुण असलेले संघ एकमेकांसमोर येतात, म्हणून पहिली फेरी जिंकली की दुसरी अवघड आणि हरली की दुसरी थोडी सोपी, हे स्वाभाविक आहे. शेवटच्या एक-दोन फेऱ्यांचे निकाल लगेच सांगत नाहीत, बाद फेरीत कोण गेलं हे जाहीर होईपर्यंत उत्सुकता राहावी म्हणून. संघाच्या गुणांशिवाय प्रत्येक वक्त्यालाही गुण मिळतात. जागतिक स्पर्धेच्या मोजपट्टीवर ५० ते १०० मध्ये ७५ म्हणजे सरासरी भाषण. पहिल्या स्पर्धेत ७० च्या आसपास गुण दिसले तर हिरमुसून जाऊ नका, नवख्यांचे गुण तिथेच असतात.

निकालानंतर परीक्षकाकडे जाऊन ‘आम्ही का हरलो?’ असं विचारलं तर उत्तर गोलमोल मिळतं. ‘आमच्या वरच्या संघाच्या कोणत्या मुद्द्याला आम्ही उत्तर दिलं नाही?’ असं विचारा आणि स्वतःचा फ्लो त्यांच्यासमोर धरा. परीक्षक कागदावर बोट ठेवून जागा दाखवतात. ती जागा त्याच वेळी वर्तुळ करून ठेवा. दुपारपर्यंत तीन फेऱ्या डोक्यात एकमेकींत मिसळलेल्या असतात.

परत आल्यावर त्या कागदांचे फोटो संघाच्या सामायिक फोल्डरमध्ये टाका. वरची मुलं पास होऊन गेली की त्यांचं ज्ञानही निघून जातं आणि नव्यांना पुन्हा श्रीगणेशापासून सुरुवात करावी लागते, हे विद्यार्थी संघांचं जुनं दुखणं. फाइलच्या नावात तारीख, ठरावातले दोन-तीन शब्द, तुमची बाजू आणि लागलेला क्रम एवढं लिहा, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच ठरावाशी झुंजणाऱ्या एखादीला ती शोधता येईल.